तक्त्यातले दहा दिवस

हॅमिल्टन,
११ नोव्हेंबर २००७

प्रिय मृदुला,

तुझी ईमेल येऊन आज एकोणीस दिवस झाले. एव्हाना तू म्हणाली असशील, कल्याणी पास काय झाली, साधं उत्तर द्यायलाही महाग झाली. उत्तर मी चार वेळा टाइप केलं आणि चारही वेळा पुसून टाकलं. शेवटी आज वही घेऊन बसले. रविवार आहे. इंद्रनील लेकीला, सानिकाला, पोहण्याच्या शर्यतीला घेऊन गेलाय, दुपारपर्यंत घरात कोणी नाही. पत्र लांबणार आहे. दवाखाना बंद करून, जेवण उरकून निवांत बसलीस की वाच. बाहेर पेशंट बसलेले असताना वाचू नकोस.

तू विचारलंस, प्रवेश कसा मिळाला, अभ्यास कसा केला, चाळिशीला आल्यावर गणित डोक्यात शिरतं का. ते आधी सांगते. आम्ही इथे न्यूझीलंडला आलो अठ्ठ्याण्णव साली. इंद्रनीलला दुधाच्या कंपनीत कॉम्प्युटरची नोकरी लगेच मिळाली. मी मात्र डॉक्टर राहिले नाही. इथली लेखी परीक्षा पास झाले, प्रॅक्टिकल दुसऱ्या खेपेला पास झाले, पण त्यानंतर कुठल्या तरी हॉस्पिटलने वर्षभर कामाला घ्यावं लागतं, आणि ते कोणी घेईना. तेव्हा आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर ऑकलंडमध्ये टॅक्सी चालवत होते. मी दोन वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घातल्या. मग हॉस्पिटलच्या ऑफिसात लागले. घरी गेलेल्या पेशंटची फाइल वाचायची आणि त्याच्या आजाराचा ठरलेला नंबर कॉम्प्युटरवर भरायचा. न्यूमोनियाचा एक नंबर, मोडलेल्या मांडीचा एक. चार वर्षं हेच केलं. आजार बघायला मिळत नव्हते, निदान त्यांचे नंबर तरी हाताखालून जात होते.

तिथल्या माझ्या साहेबीणबाईंनी एक दिवस मला जवळ बसवून विचारलं, तू डॉक्टर आहेस ना, मग या नंबरांचाच अभ्यास का करत नाहीस. लंडनच्या विद्यापीठाचा साथरोगशास्त्राचा मास्टर्सचा कोर्स पोस्टाने करता येतो, असं त्यांनीच सांगितलं. मी घरी येऊन सगळी माहिती वाचली आणि, खरं सांगते, पहिल्यांदा मला भीती वाटली. आपल्या दोघींपैकी हा विषय तुझा होता. थर्ड एमबीबीएसला सगळे सर्जरीच्या मागे असताना तू म्हणायचीस, मला पीएसएमला, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विषयाला, एमडी करायचंय. सगळे हसायचे, मीसुद्धा हसले होते.

अर्ज भरायलाच आठ महिने गेले. विद्यापीठाच्या मार्कांचा सीलबंद उतारा आणायला माझ्या भावाने, प्रमोदने, औरंगाबादला पाच खेपा घातल्या. इंग्लिश येतं याचा दाखला, नोकरीचा दाखला, हा विषय का शिकायचाय यावर दोन पानी निबंध. निबंधात मी आपल्या आरोग्य केंद्राबद्दल लिहिलं. सातपुड्याच्या पायथ्याचं वडझिरी, वरचे पाडे, आपण दोघी नव्या मेडिकल ऑफिसर, एकाच क्वार्टरमध्ये राहायचो, एकच स्टोव्ह. जे लिहिलं ते सगळं खरं होतं. फक्त कुठे थांबायचं ते मी नीट ठरवून थांबले.

मग शिफारसपत्रं. एक साहेबीणबाईंनी दिलं. दुसरं अशा माणसाचं हवं होतं ज्याने माझं गावपातळीवरचं काम डोळ्यांनी पाहिलंय. आपले तालुका आरोग्य अधिकारी वारले होते. राहिलीस तू. आणि तुला मी दहा वर्षं पत्र लिहिलं नव्हतं. वडझिरी सोडल्यावर तू मला चार पत्रं पाठवलीस, माझ्याकडून एकाचंही उत्तर गेलं नाही. तू समजली असशील की चौकशी झालेल्या मैत्रिणीशी मला संबंध नकोय. तसं समजली असशील तर तेही कमीच होतं.

तुझा पत्ता मला कांचनने दिला. आपल्या बॅचची कांचन आता ऑकलंडला बॉटनी डाउन्समध्ये राहते. मी दोन तास गाडी चालवत तिच्याकडे गेले. तिथल्या मॉलच्या कॅफेत बसून तिने तुझं सगळं सांगितलं. तू धरणगावला लहानसा दवाखाना चालवतेस, पुढचं शिक्षण राहूनच गेलं. तुझे वडील, अण्णा, शहाण्णव साली गेले. जिल्ह्याच्या पेपरात ‘बोगस लसीकरण’ म्हणून तुझ्या नावानिशी बातमी आली, त्या दिवसापासून अण्णा शाळेत गेले नाहीत. निवृत्तीला सात महिने उरले होते, ते त्यांनी रजेवर काढले, असं कांचन म्हणाली. तिने माझ्यासाठी केक मागवला होता. मी तो खाल्ला, मृदुला. काय करावं ते कळेना म्हणून पूर्ण खाल्ला.

आणि मी तुला चार ओळींचं पत्र टाकलं. तुझं शिफारसपत्र सतराव्या दिवशी हातात पडलं. लिफाफा सीलबंद हवा होता, पण तू भाबडेपणाने एक प्रत मला वेगळी पाठवलीस, मला आवडेल म्हणून. तीत तू लिहिलं होतंस, की अकरा वर्षांपूर्वी दोन वर्षं आम्ही एकत्र काम केलं, आणि नोंदींच्या बाबतीत इतकी काटेकोर डॉक्टर मी दुसरी पाहिली नाही. ते वाक्य वाचून मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि कामाला गेले. प्रवेश मिळाला. दोन हजार चारच्या सप्टेंबरात लंडनहून पुस्तकांचा खोका आला.

अभ्यासाचं म्हणशील तर पहिलं वर्ष भयंकर गेलं. बारावीनंतर मी लॉगॅरिदमचं तोंड पाहिलं नव्हतं. पहाटे पाचला उठून साडेसातपर्यंत बसायचं, मग सानिकाचा डबा, मग काम. पहिल्या गृहपाठाला शंभरात एकेचाळीस. सानिका तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तिला माझ्या विषयातले शब्द घोकून घ्यायला फार आवडायचं. मी मराठीत बोलायची, ती इंग्लिशमधून उत्तर द्यायची, आणि आमच्या भाजीच्या टोपलीपाशी सांख्यिकीचा वर्ग भरायचा. हळूहळू मात्र मजा यायला लागली. कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, कोणाला विचारायचा राहिला, यावर सगळं शास्त्र उभं आहे. परीक्षा जूनमध्ये इथेच व्हायची. एका शाळेच्या हॉलमध्ये मी एकटी परीक्षार्थी आणि समोर विणकाम करणाऱ्या एक पर्यवेक्षक आजी. आवारात हिवाळ्याचं दव पडलेलं, बोटं गारठलेली, आणि मी तीन तास लिहितेय. त्या तीन तासांत मी आनंदात असायची, हे तुला सांगायला लाज वाटते.

त्याच सुमाराला इथे लहान मुलांमधल्या एका मेंदूज्वराच्या लसीची देशभर मोहीम चालली होती. आमच्या ऑफिसातल्या काहीजणींना नोंदी भरायला दवाखान्यांत पाठवत. एका दवाखान्यात मी सकाळी गेले तर तिथली नर्स, पन्नाशीची माओरी बाई, दारातच त्यांच्या भाषेतला नमस्कार, “किआ ओरा”, म्हणाली आणि मला फ्रिजपाशी घेऊन गेली. रात्री फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं. आतला काटा आठच्या आत हवा, तो अकरावर गेला होता. तिने फोन केला, वहीत वेळ लिहिली, खाली आपलं नाव लिहिलं, आणि लसीचा पुरा खोका बाजूला काढून त्यावर लाल शाईने फुली मारली. मी विचारलं, तुला कोणी रागावणार नाही? ती हसली. म्हणाली, “खोकाच आहे गं. मूल थोडंच आहे.” मग तिने मला चहा विचारला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आता तुला कळायला लागलं असेल. किंवा नसेलही. तू माणसांबद्दल वाईट विचार करायला नेहमी उशीर लावतेस.

दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात एक उदाहरण होतं. कुठल्याशा गावात गोवराची साथ आली. लस घेतलेल्या मुलांपैकी किती आजारी पडली आणि न घेतलेल्यांपैकी किती, एवढंच मांडायचं. दोन्हींची टक्केवारी जवळजवळ सारखी आली तर समजायचं, लसीने काही काम केलं नाही. सोपं गणित, दहा मिनिटांचं. ते सोडवून झाल्यावर मी उठले आणि कपाटातून सर्टिफिकेटांची फाइल काढली. चौकशीच्या वेळी साहेबांनी मला लस दिलेल्या आणि गोवर झालेल्या मुलांची यादी तीन प्रतींत करायला सांगितली होती. तिची शेवटची कार्बन कॉपी माझ्याकडेच राहिली होती. अनुभवाच्या दाखल्याला चिकटून ती न्यूझीलंडपर्यंत आली. फिकट जांभळी अक्षरं, माझंच हस्ताक्षर.

पाड्यांवर तू लस दिलेली मुलं चौसष्ट. त्यांतल्या एकतीस जणांना गोवर झाला. सुट्टीला, मजुरीला बाहेर गेल्यामुळे जी तुला सापडली नव्हती ती चाळीस. त्यांतल्या वीस जणांना झाला. सारखंच. चौकशीवाल्या साहेबांनीही हेच म्हटलं होतं, फक्त गणित न करता. म्हणाले, लस दिली असती तर एवढी मुलं आजारी कशी पडली असती, अर्थात लस दिलीच नाही, बाईंनी खाली बसून यादी भरली. पण पुस्तकात पुढे एक ओळ होती. लस दिलीच गेली नसेल, किंवा दिली ती आधीच मेलेली असेल, असे दोन रस्ते असतात. कोणता खरा ते बघायचं असेल तर त्याच साठ्यातली लस दुसऱ्या कोणी दिली असेल ती मुलं शोधा. मृदुला, तीही यादी त्याच कागदावर खाली होती. त्याच महिन्यात, त्याच फ्रिजमधून, वडझिरी गावात बावीस मुलांना मी स्वतः लस टोचली होती. त्यांतल्या अकरा जणांना गोवर झाला. चौकशीत ते बावीस जण कोणी बघितलेच नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी मला विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही.

म्हणजे हे गणित मला कळायला लंडनचं पुस्तक लागलं असं नाही. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुस्तकाने एवढंच केलं, की ते माझ्याच हातून माझ्याच वहीत लिहून घेतलं.

आता ते दहा दिवस सांगते. त्र्याण्णव सालचा मे महिना. वर पाड्यांवर उलट्या-जुलाबांची साथ होती म्हणून तू बॅग घेऊन तिकडेच मुक्कामाला गेली होतीस. केंद्र आणि औषधांची खोली माझ्याकडे. कंपाउंडरची जागा रिकामी, त्यामुळे लसींच्या फ्रिजवर लावलेला तापमानाचा तक्ता सकाळ-संध्याकाळ मीच भरायचा. त्याच वेळी घरून तार आली, पुण्याला मुलगा बघायला ये. मी रजेचा अर्ज न टाकता निघाले. वाटलं, चार दिवसांत परत येईन, कोणाला कळणारही नाही. शिपाई बाळासाहेबांना सांगितलं, फ्रिजकडे लक्ष ठेवा. पुण्यात इंद्रनीलच्या घरच्यांना बंगळूरला जायची घाई होती, म्हणून तिथल्या तिथे साखरपुडा ठरला. चाराचे दहा दिवस झाले. तुझ्यासाठी मी निळ्या काठांची साडी आणली होती, आठवते? दोन दिवस जाऊन आले, एवढंच तुला सांगितलं होतं.

मी परत आले त्या दिवशी बाळासाहेब दारातच उभे होते. मी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. नऊ दिवस वीज नव्हती, नुकतीच आली होती. मे महिन्यातली ती पत्र्याची खोली तुला माहीत आहे. बर्फाचं पाणी होऊन ते तळाला साचून वाळलंही होतं. बाळासाहेबांनी आपल्याला सुचलं तसं ओलं पोतं टाकलं होतं फ्रिजवर. लसीच्या कुप्या हाताला कोमट लागत होत्या. तेव्हा आताच्यासारखी कुपीवर रंग बदलणारी खूण नसायची, बघून काही कळत नसे. पण मला बघायची गरजच नव्हती. सगळा साठा फेकायचा, तालुक्याला कळवायचं, नवीन मागवायचा. पंधरा दिवसांचा प्रश्न होता. पण कळवलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, तुम्ही कुठे होतात? विनापरवाना गैरहजर, मेमो, कदाचित बाँडचं वर्ष वाढलं असतं, लग्न पुढे गेलं असतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. मी फार शोधलं.

मी टेबलाशी बसले आणि तक्ता भरला. सकाळी पाच, संध्याकाळी सहा. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. एक दिवस सात लिहिलं, खरं वाटावं म्हणून. निळं पेन आणि काळं पेन आलटून पालटून वापरलं. वीस आकडे लिहायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाळासाहेब दारात उभे राहून बघत होते. त्यांनी हे कधी कोणाला सांगितलं नाही. त्यांना मी त्यांच्या मुलीच्या बाळंतपणात मदत केली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तू खाली आलीस. नदीला पाणी यायच्या आत गोवराची लस वर पोचवायची असं तुझं ठरलेलं होतं. थर्मासात बर्फ भरताना तू मला विचारलंस, “लस ठीक आहे ना गं? एवढं चढून जायचं तर उपयोग तरी व्हावा.” मी म्हटलं, “ठीक आहे, ने.” आणि मी स्वतः कुप्या मोजून तुझ्या हातात दिल्या. तू आणि नर्सबाई तीन दिवस चालत होतात. परत आलीस तेव्हा तुझ्या टाचेला फोड आले होते आणि तू इतकी खूश होतीस. चौसष्ट, म्हणालीस, चौसष्ट मुलं, एकही आई नाही म्हणाली नाही. आणि मग तुझ्या देखत मी गावातल्या बावीस मुलांनाही त्यातलीच लस दिली, कारण नाही दिली असती तर तू विचारलं असतंस, का नाही दिली.

जानेवारीत गोवर आला. चार मुलं गेली. जमना, तेरसिंग, सुनी, आणि सुनीचा धाकटा भाऊ, ज्याचं नाव अजून ठेवलं नव्हतं. यादीत मी त्याच्या पुढे आईचं नाव लिहिलं होतं. त्याला लस द्यायचं वय नव्हतं, त्याला बहिणीकडून लागण झाली. सुनीची आई केंद्राच्या पायरीवर बसून होती. ती तुला म्हणाली, “बाई, तुम्ही सुई दिली होती ना?” तू तिच्याजवळ खाली बसलीस आणि म्हणालीस, “दिली होती. मीच दिली होती.” मी आत औषधांच्या खोलीत होते. दार उघडं होतं.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी तक्ता मागितला. त्यांनी तो उजेडात धरून बघितला, मे महिना, जून महिना. मग मला विचारलं, “फ्रिज पूर्ण वेळ चालू होता?” मी म्हटलं, “हो सर.” तू शेजारच्या खुर्चीवर होतीस. तू माझ्याकडे बघून मान डोलावलीस, जणू माझ्या साक्षीने तुझं काम सोपं झालं. तुला वाटलं, लस चांगली होती हे सिद्ध झालं म्हणजे तुझा प्रामाणिकपणाच सिद्ध झाला. पुढे काय होणार ते तुझ्या लक्षातच आलं नाही. लस चांगली, मुलं आजारी, म्हणजे दोष टोचणारीचा. नर्सबाईंनी तुझ्या बाजूने सांगितलं तर त्यांनाही सामील धरलं. तुझ्या फाइलवर शेरा आला आणि एमडीची सरकारी कोट्यातली जागा गेली. मार्चमध्ये तू ट्रंक बांधलीस तेव्हा मी तुला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले होते. तू रडत नव्हतीस, मी रडत होते, आणि तू माझी समजूत काढत होतीस.

इंद्रनीलला मी हे गेल्या वर्षी सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, ते दहा दिवस म्हणजे आपले तेच का? मी हो म्हटलं. दोन दिवसांनी त्याने मला समजावलं, की आता सांगून मुलं परत येणार नाहीत, मृदुलाचं तिथे बस्तान बसलंय, तुझा कोर्स चाललाय, तुझ्या हातून लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक आकड्यावर लोक संशय घेतील. मी त्याला दोष देत नाही. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला, आणि मी आणखी एक वर्ष गप्प बसले. त्या वर्षात शेवटची परीक्षा दिली आणि पास झाले. घरात केक कापला. सानिकाने शाळेत सांगितलं, की तिची आई मुलांना आजारांपासून वाचवायचं शिकलीय.

आणि मग तुझी ईमेल आली. अभिनंदन होतं, प्रश्न होते, आणि शेवटी ती चार-पाच वाक्यं होती, ज्यांच्यामुळे मी एकोणीस दिवस धड जेवलेले नाही. तुलाही हा कोर्स करायचाय. तू पैसे बाजूला काढलेस, दवाखान्यात दुपारी दोन तास रिकामे मिळतात म्हणालीस. पण सरकारी नोकरीच्या अनुभवाचा स्वच्छ दाखला तुला मिळत नाही, शेऱ्यामुळे. तू लिहिलंस, “कल्याणी, तू तिथे होतीस. तू एवढंच लिहून दे, की मी ती लस खरंच दिली होती.”

मृदुला, तू ती लस खरंच दिली होतीस. ती मेलेली होती, हे मला माहीत होतं, आणि तरी ती तुझ्या हातात मी दिली. काल इथल्या लायब्ररीत, जिथे कागद साक्षांकित करून देणारे जस्टिस ऑफ द पीस शनिवारी बसतात, तिथे जाऊन हे सगळं तारखांसकट लिहून मी शपथेवर सही केली. सोबत कार्बनच्या यादीची प्रत आणि बावीस मुलांची वेगळी यादी जोडली आहे. एक प्रत जिल्हा आरोग्य कार्यालयाला रजिस्टर्ड पोस्टाने गेली, तुला न विचारता. विचारलं असतं तर तू मला थांबवलं असतंस. दुसरी या पाकिटात आहे. ती पेपरात दे, वकिलाला दे, सुनीच्या आईला वाचून दाखव, काहीही कर. तिचा पत्ता मला माहीत नाही, तुला असेल. इथे ऑफिसातही मी उद्या साहेबीणबाईंना सांगणार आहे. माझी नोकरी, ही पदवी, ज्याचं जे व्हायचं ते होऊ दे. मी माफी मागत नाहीये, कारण ती मागितली की तुझ्यावर ती द्यायचं ओझं येतं, आणि तुला नाही म्हणता येत नाही. तुझं शिफारसपत्र मी लिहून ठेवलंय. पाठवलेलं नाही. हे वाचल्यावर तुझ्या अर्जावर माझं नाव तुला चालेल की नाही, मला ठाऊक नाही. नसेल चालणार तर कांचनला सांग, ती आनंदाने लिहील. तिला मी अजून काही बोललेले नाही, ते तू ठरव. मुदत मार्चअखेरपर्यंत आहे. मला उत्तर लिहू नकोस हवं तर, कधीच लिहू नकोस. अर्ज मात्र कर.

‘तुझीच’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच
कल्याणी